कमी पैशांत धावण्याचे बूट: आधी पाय मोजा, मग दुकान गाठा

साताऱ्यात पहाटे शाहू क्रीडा संकुलावर किंवा यवतेश्वर घाटाच्या पायथ्याशी धावणाऱ्यांशी बोलताना काही तक्रारी वारंवार ऐकू येतात. नख काळे पडले, टाच सोलली, नडगी दुखते, चवड्याखाली आग होते. अशा वेळी पायातला बूट काढून पाहिला, तर तो दर खेपेस वाईट असतोच असे नाही. पुष्कळदा तो चुकीच्या क्रमाने घेतलेला असतो. आधी दुकान ठरते, मग रंग, मग घासाघीस, आणि पाय आत शिरतो की नाही हे सर्वांत शेवटी पाहिले जाते. ज्यांच्याकडे पैसे मोजके आहेत त्यांना हा क्रम सर्वांत महाग पडतो, कारण चुकलेला जोड बाजूला टाकून दुसरा घेण्याची सोय त्यांना नसते. साधारण १,२०० ते ३,५०० रुपयांत बूट घ्यायचा आहे, असे धरून पुढचे टप्पे दिले आहेत. ते त्याच क्रमाने करावेत.

टप्पा १: कोठे आणि किती धावणार, हे कागदावर लिहा

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो "किती नंबर?" असा. त्याआधी आपण स्वतःला दोन प्रश्न विचारलेले असावेत: जमीन कोणती आणि आठवड्याला किलोमीटर किती.

मैदानाची माती, मुरूम, घाटातला डांबरी रस्ता आणि अजिंक्यताऱ्याची चढण यांना एकच बूट सारखा पुरत नाही. सरावाचा मोठा भाग जेथे होतो, त्या जमिनीसाठी बूट घ्यावा. डांबरी रस्त्यावर धावणाऱ्याला तळाचे रबर टिकाऊ आणि मधला थर, म्हणजे रबर आणि पाऊल यांच्यामधला फोम, दाब पेलणारा हवा. माती-मुरमावर धावणाऱ्याला तळाला थोडे खोल खाचे हवेत. मात्र फार खोल खाच्यांचा डोंगरी बूट डांबरावर लवकर झिजतो आणि पायालाही टोचतो. पावसाळ्यात कासच्या बाजूला ओल्या जांभ्यावर किंवा शेवाळलेल्या पायऱ्यांवर कोणताही स्वस्त बूट भरवशाचा नाही. तेथे वेग कमी करणे हाच उपाय आहे.

भरतीची तयारी करणारे येथे एक ठराविक चूक करतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर धावावे लागते. ती धाव काही मिनिटांची असते, पण तिच्यामागचा सराव कित्येक महिन्यांचा असतो. तरीही मुले चाचणीचा दिवस डोळ्यांसमोर ठेवून पातळ तळाचा, अगदी हलका बूट घेतात आणि रोजचा सराव त्यातच करतात. बूट सरावासाठी घ्यावा. चाचणीच्या दिवशीही तोच वापरलेला, पायाला ओळखीचा झालेला जोड घालावा.

किलोमीटरचा आकडा खर्चासाठी लागतो. धावण्याच्या बऱ्या बुटाचे आयुष्य साधारणपणे ५०० ते ८०० किलोमीटर धरले जाते. अगदी स्वस्त जोडाचे त्याहून कमी धरावे. आठवड्याला २५ किलोमीटर धावणाऱ्याचे ५०० किलोमीटर २० आठवड्यांत, म्हणजे पाचेक महिन्यांत पूर्ण होतात. समजा, ९०० रुपयांचा बूट २०० किलोमीटरमध्येच निकामी झाला, तर प्रत्येक किलोमीटरला साडेचार रुपये पडले. २,००० रुपयांचा बूट ५०० किलोमीटर चालला, तर चार रुपये पडले. म्हणजे जास्त धावणाऱ्याला स्वस्त बूट परवडत नाही. याउलट, आठवड्याला सात-आठ किलोमीटरच धावणाऱ्याने ओढाताण करून ३,५०० रुपये घालण्याचे कारण नाही.

टप्पा २: पाऊल घरी मोजा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. "माझा नंबर आठ आहे" हे वाक्य पुरेसे नाही. आपल्याकडचा नंबर साधारणतः ब्रिटिश पद्धतीचा असतो आणि त्यात एका नंबराचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटरचा असतो. शिवाय एका कंपनीच्या आठ नंबरावर २६.५ सेंटिमीटर छापलेले असते, तर दुसरीच्या आठ नंबरावर २७. अमेरिकी नंबर छापलेला असेल, तर पुरुषांच्या बुटात तो ब्रिटिश नंबरापेक्षा साधारण एकाने मोठा असतो. तो ब्रिटिश समजून बूट घेतलेल्या माणसाचा पाय दुसऱ्याच दिवशी आखडतो. म्हणून नंबर विसरून मिलिमीटर लक्षात ठेवावेत.

१. मोजमाप संध्याकाळी घ्यावे. दिवसभर उभे राहून आणि चालून पाऊल थोडे फुगते, आणि धावतानाही ते फुगतेच.

२. धावताना जे मोजे घालणार, तेच घालावेत.

३. भिंतीला लागून जमिनीवर कागद ठेवावा. टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे. बसून माप घेऊ नये, कारण भार पडल्यावर पाऊल लांब आणि रुंद होते.

४. खूण दुसऱ्याला करायला सांगावी. स्वतः वाकले की भार सरकतो. पेन्सिल अगदी उभी धरावी. ती आत तिरपी गेली, तर चार-पाच मिलिमीटर सहज कमी भरतात.

५. सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करावी. ते बोट अंगठाच असेल असे नाही. अनेकांचे अंगठ्याशेजारचे बोट लांब असते. चवड्याच्या सर्वांत रुंद भागाच्या दोन्ही बाजूंनाही खुणा कराव्यात.

६. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाचे माप धरावे.

समजा, डावे पाऊल २५८ आणि उजवे २६१ मिलिमीटर भरले. तर २६१ धरून त्यात १० ते १२ मिलिमीटर मिळवावेत. आतून साधारण २७१ ते २७३ मिलिमीटर लांबीचा बूट हवा, हा झाला आपला खरा नंबर. यवतेश्वरसारखा घाट नियमित उतरणाऱ्यांनी १२ धरावेत, कारण उतारावर पाऊल बुटात पुढे सरकते आणि बोटे समोर आपटतात.

हे माझ्या पायाने मला शिकवले. सवलतीत मिळतो म्हणून मी एकदा अर्ध्या नंबराने लहान जोड घेतला. सपाट रस्त्यावर तो दोन आठवडे निमूट चालला, पण घाट उतरून आलो त्या दिवशी दोन्ही अंगठ्यांची नखे निळी झाली होती. सवलत साडेतीनशे रुपयांची होती. नखे पूर्ववत व्हायला कित्येक महिने गेले.

पडताळणी: पातळ पुठ्ठ्याची बोटभर रुंद पट्टी आपल्या बुटाच्या मापाएवढी, म्हणजे वरच्या उदाहरणात २७१ मिलिमीटर लांब, कापून ठेवावी. दुकानात ती बुटात सरकवून पाहता येते. मुलगा भरतीच्या अकादमीत राहतो आणि बूट वडील घेणार आहेत, अशा घरांत ही पट्टी फार उपयोगी पडते. जाड पुठ्ठा घेऊ नये. बुटाच्या टोकाशी तळ वर उचललेला असतो, तेथे तो वाकत नाही आणि माप फसते.

रुंदीबद्दलही लिहायला हवे. लहानपणापासून चपलेत किंवा अनवाणी वावरलेल्या पायांचा चवडा बहुधा पसरट असतो. रुंद मापाचे जोड तालुक्याच्या दुकानांत क्वचितच ठेवतात. त्यामुळे लोक रुंदीसाठी एक नंबर मोठा घेतात, मग टाच उचलली जाते आणि फोड येतात. त्यापेक्षा पुढचा भाग मुळातच ऐसपैस असलेला दुसरा प्रकार शोधावा. महिलांचे बूट सहसा अरुंद साच्यावर केलेले असतात. चवडा रुंद असलेल्या महिलांनी पुरुषांच्या विभागातला त्याच मापाचा जोड घालून पाहण्यात संकोच करू नये.

सावधान: मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल किंवा जखमा लवकर भरत नसतील, तर बूट घेण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवावा. बोचलेले न कळणाऱ्या पायाला पुढच्या चाचण्या लागू पडत नाहीत.

टप्पा ३: पैशांची विभागणी

एकूण रकमेतून दीडशे-दोनशे रुपये मोज्यांसाठी आधीच बाजूला काढावेत. जाड सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओल्या कातडीवर घासतो आणि फोड आणतो. त्याचे खापर बुटावर फुटते. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे मिश्रण असलेला, टाचेवर नीट बसणारा मोजा घ्यावा.

उरलेल्या रकमेत काय मिळते, याचा अंदाज असा. हजाराच्या आत मिळणारे बहुतेक "स्पोर्ट्स शूज" चालण्यासाठी ठीक असतात. १,२०० ते २,५०० रुपयांत धावण्यासाठीच बनवलेले प्राथमिक बूट मिळू लागतात. त्यापुढे ३,५०० पर्यंत नव्या प्रकाराकडे न पाहता मागच्या वर्षीचा प्रकार शोधावा. नवी आवृत्ती आली की जुनीवर सवलत लागते, आणि दोन आवृत्त्यांत आपल्याला जाणवेल असा फरक बहुधा नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे अडीच हजारांच्या किंचित वरच्या जोडापेक्षा किंचित खालचा जोड हा बहुधा शहाणा सौदा ठरतो. छापील कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात. तिच्यावर वेगळा कर मागितला, तर देऊ नये.

"फर्स्ट कॉपी" म्हणून मिळणाऱ्या नकली जोडांपासून लांब राहावे. नाव आणि रंग हुबेहूब असतात, पण धावणाऱ्याला ज्याचे पैसे द्यायचे आहेत तो मधला थर नेमका तेथे नकली असतो. त्याच पैशांत साध्या नावाच्या भारतीय कंपनीचा खरा बूट केव्हाही बरा.

टप्पा ४: पायात घालण्यापूर्वी हातात घेऊन तपासा

हे सर्व उभ्या उभ्या पाच मिनिटांत होते. दुकानदार घाई करील, करू द्यावी.

१. तारीख पाहावी. खोक्यावर किंवा लेबलवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते. फार जुना साठा, विशेषतः पॉलियुरेथेनच्या (एक प्रकारचे कृत्रिम द्रव्य) तळाचा, सवलतीतही घेऊ नये. हवेतल्या ओलाव्याने ते द्रव्य आतून कुजत जाते आणि न वापरलेल्या बुटाचा तळसुद्धा पहिल्याच धावेत भुसभुशीत होऊन सुटू शकतो. साताऱ्यासारख्या पावसाच्या गावात कपाटात पडून राहिलेल्या जोडाबाबत हे विशेष खरे आहे.

२. मधला थर अंगठ्याने दाबावा. ईव्हीए, म्हणजे धावण्याच्या बुटांत वापरला जाणारा हलका फोम, दबतो आणि परत येतो. पीव्हीसीचा तळ जड, टणक आणि हाताला गार लागतो. शंका असल्यास वजन पाहावे: पुरुषांच्या आठ नंबरच्या धावण्याच्या एका बुटाचे वजन बहुधा २२० ते ३०० ग्रॅमच्या आसपास असते. साडेतीनशेच्या वर गेला, तर तो धावण्यासाठी केलेला नसावा. शेजारच्या किराणा दुकानातला काटा या कामी मी वापरलेला आहे, आणि वाण्यानेही हसून का होईना वजन करून दिले.

३. टाच आणि टोक धरून बूट वाकवावा. तो चवड्याशी, म्हणजे जेथे पाऊल वाकते तेथेच, वाकला पाहिजे. मधोमध चपातीसारखा दुमडला, तर ठेवून द्यावा. अजिबात वाकला नाही, तरीही ठेवून द्यावा.

४. टाचेच्या मागचा कप दोन बोटांनी दाबावा. तो थोडा ताठ असावा. चिरगुटासारखा लोळू नये.

५. दोन्ही बूट काचेच्या काउंटरवर शेजारी ठेवून मागून पाहावे. दोन्हींच्या टाचा सरळ उभ्या असाव्यात आणि बूट डुगडुगू नयेत. स्वस्त जोडांत एक डावीकडे कललेला, दुसरा सरळ, असा दोष पुष्कळदा सापडतो आणि तो गुडघ्यापर्यंत त्रास देतो.

६. आत हात घालून शिवण आणि डिंकाचे गठ्ठे चाचपावेत. हाताला खुपते ते पाचव्या किलोमीटरला पायाला सोलते.

७. तळ उलटा करून पाहावा. टाचेच्या बाहेरच्या कडेला आणि टोकाला तरी रबर असावे. नुसता उघडा फोम डांबरावर आणि मुरमावर फार लवकर झिजतो.

पडताळणी: सुखतळा, म्हणजे बुटाच्या आत पावलाखाली असलेला सुटा तळ, बाहेर काढून त्याची लांबी फितीने मोजावी आणि आपल्या मिलिमीटरच्या आकड्याशी ताडावी. मग सुखतळा जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहावे. पाऊल कडेबाहेर जात असेल, तर तो बूट आपला नाही. पायात घालून पाहण्याचीही गरज नाही. सुखतळा चिकटवलेला असेल, तर पुठ्ठ्याची पट्टी वापरावी.

टप्पा ५: घालून पाहणे आणि धावून पाहणे

दोन्ही बूट घालावेत. एकच घालून आरशात पाहण्याची सवय सोडावी. लेस पूर्ण सैल करून, टाच मागे ठोकून बसवून, मग खालून वर ताणत बांधावी.

उभे राहून सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा आहे का, ते दुसऱ्याला दाबून पाहायला सांगावे. बोटे आत पसरता आली पाहिजेत आणि करंगळीवर दाब नको. चालताना टाच उचलली जाऊ नये. त्यानंतर दुकानाच्या पायऱ्या चार-पाच वेळा उतराव्यात. बोटे पुढे आदळत असतील, तर घाटात ती दर पावलाला आदळतील. शेवटी दुकानाबाहेर मिनिटभर हळू धावून पाहावे. बिलाआधी कोणी बाहेर जाऊ देत नसेल, तर आतल्या मोकळ्या जागेतच धावावे. यात लाजण्यासारखे काही नाही, पैसे आपले आहेत.

या टप्प्यावर दोन वाक्ये हमखास ऐकू येतात आणि दोन्हींमुळे नुकसान होते.

पहिले वाक्य: "वापरून सैल होईल." आपण कोल्हापुरी चपलेच्या सवयीचे लोक आहोत. ती आधी चावते, तेल लावले की मऊ होते आणि मग पायाचा आकार घेते. म्हणून नवे पादत्राण थोडे टोचणारच, असे आपण धरून चालतो. चामड्याचा हा गुण जाळीच्या कृत्रिम कापडात आणि फोममध्ये नाही. धावण्याचा बूट दुकानात सुखाचा वाटला नाही, तर तो पुढेही वाटणार नाही.

दुसरे वाक्य: "तुमचा तळवा सपाट आहे, तुम्हाला खास बूट लागेल." ओल्या पायाचा ठसा पाहून बूट ठरवण्याची पद्धत सोपी वाटते, म्हणून ती पसरली. परंतु अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणार्थींवर केलेल्या चाचण्यांत, पायाच्या कमानीच्या आकारानुसार बूट वाटल्याने दुखापती कमी झाल्याचे दिसले नाही. मोजक्या पैशांत खरेदी करणाऱ्याने या नावाखाली जास्तीचे हजार रुपये किंवा महागडा सुखतळा घेऊ नये. दोन-तीन जोड घालून त्यांतला पायाला सर्वांत आरामाचा निवडणे, ही कसोटी अधिक भरवशाची आहे. आधीपासून दुखणे असेल, तर तो प्रश्न डॉक्टरांचा आहे, दुकानदाराचा नव्हे.

टाच किंचितच सैल असेल आणि बाकी सर्व जमत असेल, तर जोड लगेच नाकारू नये. बहुतेक बुटांना घोट्याजवळ लेसचे एक जादा छिद्र असते. लेस त्याच बाजूच्या त्या छिद्रातून ओवून छोटा फास करावा, समोरचे टोक त्या फासातून घेऊन ओढावे आणि मग गाठ मारावी. टाच जागेवर बसते.

सावधान: धाकट्या भावालाही होईल म्हणून मधला नंबर घेऊ नये. तो दोघांपैकी कोणालाच होत नाही.

टप्पा ६: ऑनलाइन घेत असल्यास

दुकानात त्याच कंपनीचा तोच प्रकार एकदा घालून पाहिलेला असेल, तरच ऑनलाइन मागवणे सुरक्षित आहे. मागवण्याआधी परतीची मुदत वाचावी आणि विक्रेत्याचे नाव पाहावे. बूट आल्यावर टॅग न तोडता घरातल्या स्वच्छ फरशीवर संध्याकाळी टप्पा ४ आणि ५ मधील सर्व तपासण्या कराव्यात. एकदा डांबरावर उतरलेला बूट सहसा परत घेतला जात नाही.

टप्पा ७: पहिले दोन आठवडे आणि नंतरची निगा

नवा जोड घालून पहिल्याच दिवशी लांब पल्ला धावू नये. पहिल्या तीन-चार धावा दोन-तीन किलोमीटरच्या ठेवाव्यात आणि मधल्या दिवशी जुना जोड वापरावा. शर्यत किंवा भरतीची चाचणी असेल, तर बूट किमान महिनाभर आधी घेतलेला असावा. आदल्या आठवड्यात घेतलेला जोड घालून सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या २१ किलोमीटरना उभे राहणारे दिसतात. परतीच्या उतारावर तेच कडेला बसलेले दिसतात.

बुटाच्या आतील बाजूला किंवा सुखतळ्याखाली वापर सुरू केल्याची तारीख पेनाने लिहून ठेवावी. हा जोड घालून बाजारात, कॉलेजात, लग्नात जाऊ नये, कारण चालण्यानेही फोम दबतो.

पावसात भिजलेला बूट चुलीजवळ, हीटरपुढे किंवा कडक उन्हात वाळवू नये. उष्णतेने डिंक सुटतो आणि फोम आकसतो. सुखतळा आणि लेस काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, तासाभराने ते बदलावेत आणि बूट पंख्याखाली ठेवावा. धुताना कपड्यांच्या यंत्रात टाकू नये किंवा साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवू नये. ओला फडका, जुना ब्रश आणि थोडा साबण पुरतो.

बूट बदलण्याची वेळ वरच्या कापडावरून ओळखता येत नाही. मधल्या थराच्या कडेला आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या, टेबलावर ठेवल्यावर टाच एका बाजूला कलू लागली, तळाच्या खाचा सपाट झाल्या किंवा सरावात काहीही बदल केला नसताना नडगी आणि गुडघे दुखू लागले, तर त्या जोडाचे धावणे संपले. तो पावसाळ्यातल्या चिखलासाठी किंवा शेतावर जाण्यासाठी ठेवावा, आणि नव्या जोडासाठी पाऊल पुन्हा मोजावे. वय, वजन आणि बाळंतपण यांमुळे पायाचे माप बदलते. दोन वर्षांपूर्वीचा कागद काढून दुकानात नेऊ नये.